सरफेस कॅमेऱ्यांचं गणित फक्त मिनिटांवर मांडू नका

तुमचा प्रश्न मला असा समजला: रेडिओथेरपी विभागात सरफेस गायडन्सचे कॅमेरे (त्वचेचा पृष्ठभाग पाहून रुग्ण नेमक्या जागी आहे का हे सांगणारे) घ्यायचा विचार आहे, दर फ्रॅक्शनमागे, म्हणजे उपचाराच्या एकेका बैठकीमागे, तीन मिनिटं वाचतात आणि त्यातूनच खर्च भरून निघतो असं विक्रेत्याचं म्हणणं आहे, आणि व्यवस्थापनापुढे ठेवायचं टिपण तुम्हाला लिहायचंय. मेडिकल फिजिक्समध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत. असे प्रस्ताव लिहिलेत आणि तपासलेतही. कॅमेरे घेण्यासारखे नक्की असू शकतात, पण त्याचं कारण वाचलेली मिनिटं हे क्वचितच असतं.

तीन मिनिटं वाचली आणि अपॉइंटमेंटचा स्लॉट पूर्वीसारखाच १२ मिनिटांचा राहिला, तर पैशांत काहीच वाचत नाही. टेक्नॉलॉजिस्टची धावपळ कमी होते, ते मोलाचंच आहे, पण त्याची नोंद वेगळी करा. स्लॉट १० मिनिटांवर आणला तर आठ तासांत ४० ऐवजी ४८ रुग्ण बसतात. मग या जादा आठ जणांचं कॉन्टूरिंग (स्कॅनवर गाठ आणि अवयवांच्या सीमा आखणं) आणि प्लॅनिंग कोण करणार? तेवढे रुग्ण प्रतीक्षायादीत आहेत का? काम प्लॅनिंगपाशी तुंबत असेल, तर लिनॅकवर, म्हणजे किरणोपचाराच्या यंत्रावर, मोकळा झालेला वेळ नुसता मोकळाच राहतो.

त्यात फ्रॅक्शनची संख्याही घटत चालली आहे. फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले, तेव्हापासून स्तनाच्या कॅन्सरच्या अनेक रुग्णांना १५ ऐवजी ५ फ्रॅक्शन देता येतात. विक्रेत्याच्याच हिशोबाने एका रुग्णामागे ४५ मिनिटं वाचत होती, तिथे आता १५ उरली. उलट प्रत्येक फ्रॅक्शनचा डोस २.६७ ग्रे (किरणांच्या डोसचं एकक) वरून ५.२ ग्रे झाल्यामुळे एकेक सेटअप, म्हणजे रुग्णाला नेमक्या जागी झोपवणं, बरोबर असणं जास्त महत्त्वाचं झालंय. म्हणजे वेळेचा युक्तिवाद दुबळा होतोय आणि अचूकतेचा बळकट.

अचूकतेचं मोल मार्जिनमध्ये, म्हणजे चुकीची शक्यता धरून गाठीभोवती घेतलेल्या जादा पट्ट्यात, दिसतं. ४ सेंमी व्यासाची गोल गाठ घ्या. भोवती ५ मिमी मार्जिन धरलं तर सुमारे ६५ घन सेंमी भागाला पूर्ण डोस जातो, ३ मिमी धरलं तर ५१. दोन मिलिमीटरने पाचव्या हिश्शाहून जास्त भाग वाचला. मिराज चाचणीत प्रोस्टेटच्या एसबीआरटीला (मोजक्या बैठकांत मोठा डोस देण्याची पद्धत) एमआरआय मार्गदर्शनाखाली ४ ऐवजी २ मिमी मार्जिन ठेवलं, तेव्हा मूत्रमार्गाचा मध्यम किंवा तीव्र त्रास ४३.४ टक्क्यांवरून २४.४ टक्क्यांवर आला. मात्र हा आकडा तुमच्या टिपणात उचलू नका! तिथे आतला अवयव प्रत्यक्ष दिसत होता. कॅमेऱ्याला त्वचा दिसते. प्रोस्टेट कुठे सरकली हे पोटाची त्वचा सांगत नाही. आणि तुमच्याकडे रोज कोन-बीम सीटी (उपचाराच्या टेबलावरच काढलेला स्कॅन) होत असेल, तर रोजची सेटअपची चूक आधीच दुरुस्त होतेय. कॅमेरा त्यात भर घालतो ती मुख्यतः बीम चालू असताना रुग्ण हलला तर ते पकडण्याची. कॉन्टूर काढण्यातली अनिश्चितता त्याने तसूभरही कमी होत नाही. म्हणून मार्जिन किती कमी करता येईल हे स्वतःच्या मोजमापांवरून ठरवा.

माझ्या मते सगळ्यात भक्कम बाजू डाव्या स्तनाची आहे, आणि तिथेच सर्वात जास्त काळजीने लिहावं लागतं. खोल श्वास रोखून उपचार दिले की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जातं, आणि श्वास नीट रोखलेला आहे का यावर कॅमेरा लक्ष ठेवतो. हृदयाच्या सरासरी डोसमधल्या प्रत्येक ग्रे मागे मोठ्या हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असं डार्बी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं. हा वाढीचा दर सापेक्ष आहे. समजा २ ग्रे वाचले. जिचा मूळचा धोका २ टक्के आहे तिथे हजारांत साधारण तीन घटना टळतील. ८ टक्के असेल तर बारा. धूम्रपान, मधुमेह, आधीचा हृदयविकार पाहून रुग्ण निवडले तर त्याच कॅमेऱ्याचा फायदा चौपट होतो. फायद्याला वर्षंही लागतात. ब्रिटनमध्ये उपचारांचा खर्च आणि फायदा तपासणारी नाइस ही संस्था वापरते त्या ३.५ टक्के डिस्काउंट दराने २० वर्षांनंतरचा फायदा आज जवळजवळ निम्माच धरला जातो.

आणि तुलना कशाशी करताय? श्वास न रोखता दिलेल्या उपचाराशी केली तर कॅमेरा सहज जिंकेल. पण हार्टस्पेअर अभ्यासात रुग्णाने स्वतःहून श्वास रोखण्याची, त्वचेवरच्या खुणा आणि लेसर वापरून केलेली साधी पद्धत महागड्या श्वास-नियंत्रण उपकरणाच्या तोडीची ठरली, शिवाय स्वस्त आणि कमी वेळखाऊ. तुमचा खरा प्रतिस्पर्धी ही साधी पद्धत आहे. तिच्याहून कॅमेऱ्याने काय जास्त मिळतं, तेवढ्याच फरकाने वाढीव खर्चाला भागा. हा भाग बहुतेक प्रस्तावांत गाळलेला असतो, आणि मला ते खटकतं, कारण पैसा शेवटी कुठल्यातरी दुसऱ्या रुग्णाच्या वाट्यातूनच येतो.

खर्चाच्या बाजूला वार्षिक देखभाल करार, सॉफ्टवेअर परवाने, रोजची क्यूए (गुणवत्ता तपासणी), प्रशिक्षण आणि माणसं बदलली की पुन्हा प्रशिक्षण हे सगळं धरा. लिनॅकचं आयुष्य किती उरलंय तेही पाहा.

काही गोष्टी क्वालीत (आयुष्याची वर्षं आणि त्यांचा दर्जा एकत्र मोजणारं एकक) नीट उतरत नाहीत, तरी त्या लिहाच. सेटअपसाठी त्वचेवर केलेल्या टॅटूच्या कायमच्या खुणा टळतात. बंद मास्कमध्ये जीव घुसमटणाऱ्याला उघड्या चेहऱ्याचा मास्क मिळतो. क्वालीसाठी वापरतात त्या ईक्यू-५डी प्रश्नावलीत याचं प्रतिबिंब फारसं पडणार नाही, पण रुग्णासाठी त्या आठवड्यांत हीच मोठी गोष्ट असते.

बसवून किंवा उभं करून उपचार देण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. त्याचं अर्थकारण निराळंच आहे. तिथे बचत यंत्र आणि इमारतीत शोधायची: जर्मनीतल्या हायडेलबर्गची कार्बन-आयन गॅन्ट्री (रुग्णाभोवती बीम फिरवणारा सांगाडा) सुमारे ६७० टनांची आहे, आणि बीम स्थिर ठेवून रुग्णाची खुर्ची फिरवली तर एवढा डोलारा लागत नाही. पण उभ्या स्थितीत सीटी काढणारं यंत्र लागतं. चालू विभागात, बंकर (किरण अडवणाऱ्या जाड भिंतींची खोली) आधीच बांधलेला असताना, ही बचत मिळत नाही.

टिपण लिहायच्या आधी दोन आठवडे रुग्ण खोलीत येण्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या वेळा टप्प्याटप्प्याने नोंदवा: सेटअप, इमेजिंग, दुरुस्ती, बीम. किती वेळा सीटी पुन्हा काढावा लागला आणि का, तेही टिपा. हे आकडे इथे टाकलेत तर पुढचं गणित आपण मिळून मांडू.