'व्हाइस ॲडमिरल ऑफ द व्हाइट' मराठीत कसं लिहावं?

प्रश्न असा आहे : ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या चरित्राचा अनुवाद करताना 'व्हाइस ॲडमिरल ऑफ द व्हाइट' हा हुद्दा आला, त्याला 'श्वेत पथकाचा उपनौसेनापती' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. यातलं 'उप' खटकतं आणि 'पथक' तर वाचकाची सरळ दिशाभूल करतं.

आधी 'उप'. शिडांच्या जहाजांचा मोठा ताफा तीन भागांत चाले. मधला भाग लाल निशाणाचा, आघाडीचा पांढऱ्या आणि पिछाडीचा निळ्या. प्रत्येक भागाचे पुन्हा तसेच तीन तुकडे. मध्ये ॲडमिरल, पुढे व्हाइस ॲडमिरल, मागे रिअर ॲडमिरल. आपल्याकडच्या जुन्या लष्करी भाषेत सांगायचं तर व्हाइस ॲडमिरल बिनीला आणि रिअर ॲडमिरल चंदावलीला. 'व्हाइस'चा मूळ अर्थ 'च्या जागी' असाच आहे, पण नेल्सनच्या काळापर्यंत तो निव्वळ हुद्दा उरला होता. 1803 पासून भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश आरमाराचा सरसेनापती नेल्सनच होता, आणि हुद्दा व्हाइस ॲडमिरलचा. 'उपनौसेनापती' वाचलं की वाचक त्याच्या डोक्यावर बसलेला मुख्य नौसेनापती शोधू लागतो. तिथे तसा कोणी नव्हता.

आता रंग. आरमार वाढलं, जगभर विखुरलं, आणि लाल-पांढरी-निळी पथकं केवळ नावाला उरली. राहिली ती बढतीची शिडी : खाली निळा, मग पांढरा, वर लाल, लाल झाला की पुढच्या हुद्द्याचा निळा. ही शिडी मुख्यतः सेवाज्येष्ठतेवर चढायची. नेल्सन 1771 मध्ये बाराव्या वर्षी आरमारात आला, पोरवयातच 'सीहॉर्स' जहाजावरून हिंदी महासागरात फिरला, आणि 1779 मध्ये विशीत पोस्ट कॅप्टन, म्हणजे पूर्ण दर्जाचा कॅप्टन, झाला. त्यानंतर वरच्यांच्या जागा रिकाम्या होण्याची वाट पाहायची. 14 फेब्रुवारी 1797 ला सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत त्याने पराक्रम गाजवला आणि 20 तारखेला तो निळ्या निशाणाचा रिअर ॲडमिरल झाला. वाचणाऱ्याला वाटतं, हे पराक्रमाचं बक्षीस. पण लढाईची बातमी लंडनला पोचण्याआधीच ही बढती निघाली होती. त्याचा नंबर लागला होता, इतकंच. अनुवादात ही दोन वाक्यं 'म्हणून'ने जोडू नका, ही कळकळीची विनंती.

पुढे 1799 मध्ये मधला पांढरा ओलांडून तो थेट लाल झाला, 1801 मध्ये निळ्याचा व्हाइस ॲडमिरल आणि 1804 मध्ये पांढऱ्याचा. 1805 मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत तो मारला गेला तेव्हा याच पायरीवर होता.

मग लिहायचं काय? 'पांढऱ्या निशाणाचा व्हाइस ॲडमिरल'. 'निशाण' शब्द इथे अगदी चपखल बसतो, कारण त्या अधिकाऱ्याच्या हाताखालची जहाजं खरोखर त्याच रंगाचं निशाण लावत. ट्रफाल्गरला दुय्यम सेनापती कॉलिंगवुड निळ्या निशाणाचा होता. धुमश्चक्रीत घोटाळा नको म्हणून नेल्सनने साऱ्या ताफ्याला पांढरंच लावायला सांगितलं. 'श्वेत पथक' म्हटलं की ही गंमत वाचकाच्या हातून निसटते.

याच कुळातला आणखी एक शब्द चरित्रांत भेटतो, 'यलो ॲडमिरल'. पिवळं पथक कधीच नव्हतं. ज्या कॅप्टनची पाळी आली पण कामगिरी द्यायची नाही, त्याला कुठल्याच रंगाविना रिअर ॲडमिरल करून घरी बसवत. त्याला खलाशी 'पिवळा केला' म्हणत. मराठीत 'बिननिशाणी ॲडमिरल' केलं तर अर्थ लगेच पोचतो. 'पिवळ्या निशाणाचा' मात्र करू नये.

1864 मध्ये रंगांची ही वाटणी मोडली : पांढरं निशाण आरमाराला, लाल व्यापारी जहाजांना, निळं इतर सरकारी जहाजांना. त्यामुळे त्यानंतरच्या अधिकाऱ्याच्या चरित्रात नुसतं 'व्हाइस ॲडमिरल' लिहावं, रंग जोडू नये.