मोबाइल घेताना ९०, १२० की १४४ हर्ट्झ? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : दादा, माझं बजेट २० ते २२ हजार आहे. दुकानात दोन फोन दाखवले, एकात १४४ हर्ट्झचा डिस्प्ले आहे, दुसऱ्यात १२० आहे पण त्याचा प्रोसेसर चांगला आहे आणि अपडेट जास्त वर्षं मिळणार आहेत. दुकानदार म्हणतो १४४ वालाच घ्या, एकदम मक्खन चालतो. खरंच एवढा फरक पडतो का? (एक वाचक, कराड)

उत्तर : १२० वाला घ्या, डोळे झाकून घ्या. आता का ते सांगतो, कारण हा प्रश्न हल्ली जवळजवळ प्रत्येक पत्रात असतो.

रिफ्रेश रेट म्हणजे स्क्रीन एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवते तो आकडा, तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झला एक चित्र स्क्रीनवर साधारण १६.७ मिलिसेकंद राहतं, ९० ला ११.१, १२० ला ८.३ आणि १४४ ला ६.९. आता नुसती वजाबाकी करून बघा, ६० वरून ९० ला गेलात तर साडेपाच मिलिसेकंद वाचले, ९० वरून १२० ला पावणेतीन, आणि १२० वरून १४४ ला जेमतेम १.४. म्हणजे आकडा मोठा मोठा होत जातो पण डोळ्याला मिळणारा फायदा दर पायरीला कमी होतो. ६० ते ९० हा फरक बहुतेकांना सांगितलं नाही तरी जाणवतो, ९० ते १२० दोन फोन शेजारी ठेवले की जाणवतो, आणि १२० ते १४४ तुम्हाला कुणी न सांगता ओळखता आला तर मला जरूर कळवा.

पण मग रिफ्रेश रेट म्हणजे नुसती जाहिरात का, तर अजिबात नाही. हे मी मुद्दाम सांगतो कारण "सगळं मार्केटिंग आहे, ६० पुरतं" असं म्हणणारेही खूप भेटतात आणि ते बरोबर नाहीत. कुठल्याही बातमीच्या साइटवर एक लांब मराठी लेख उघडा आणि वाचता वाचता हळूहळू वर सरकवा. मजकूर सरकत असताना आपला डोळा त्याच्यामागे जातो, पण स्क्रीनवरचं चित्र मात्र पुढचं येईपर्यंत जागेवर थांबलेलं असतं, त्यामुळे अक्षर डोळ्यात फिसकटतं. समजा सेकंदाला १२०० पिक्सेल (म्हणजे स्क्रीनवरचे बारीक ठिपके) एवढ्या वेगाने मजकूर चाललाय, तर ६० हर्ट्झला प्रत्येक अक्षर साधारण २० पिक्सेल पसरलेलं दिसतं, १२० ला १०, १४४ ला ८ च्या आसपास. आपल्या देवनागरीत हे जास्त खुपतं असं माझं मत आहे, कारण आपण स्क्रोल वर-खाली करतो आणि आपली शिरोरेषा आडवी, तिच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वाराचा बारीक ठिपका, सगळं एकमेकांत मिसळतं. ६० वर सरकता मजकूर वाचायला थांबावं लागतं, १२० वर बऱ्यापैकी सरकताना सुद्धा वाचता येतो. रोज तास-दोन तास फोनवर वाचणाऱ्याला हा खरा फायदा आहे आणि तो मिळायलाच हवा.

मग अडचण कुठे येते, तर हा आकडा फक्त पॅनेलचा, म्हणजे स्क्रीनचा आहे. पॅनेल १४४ वेळा नवं चित्र दाखवायला तयार आहे पण ती १४४ चित्रं तयार करायची कुणी? प्रोसेसरने. आणि तो कच्चा असेल तर सहा पदरी रस्ता केला पण टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असं होतं. १२० हर्ट्झला प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक चित्र, ८.३ मिलिसेकंदात तयार झालीच पाहिजे, नाही झाली की जुनीच फ्रेम परत दिसते आणि आपल्याला तो झटका जाणवतो. आणि गंमत अशी, की डोळ्याला सरासरी कळत नाही, झटका कळतो. एकसारखे ६० फ्रेम देणारा फोन हा मधेच ११०, मधेच ४५ असं करणाऱ्या फोनपेक्षा वापरायला बरा वाटतो.

यात प्रोसेसरबरोबर स्टोरेजचाही मोठा हात असतो आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. स्वस्तातल्या काही फोनमध्ये अजून ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज असतं, ते एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं, दोन्ही एकदम करत नाही. यूएफएस प्रकारचं असेल तर दोन्ही एकदम होतं. म्हणजे मागे व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू आहे, प्ले स्टोअर चार ॲप अपडेट करतंय आणि तुम्ही गॅलरी उघडली, की ईएमएमसी वाला फोन अडखळणारच, स्क्रीन १२० ची असो नाहीतर १४४ ची. तुमच्या बजेटमध्ये यूएफएस मिळायलाच पाहिजे, त्याची २.२ आवृत्ती असेल तर ठीक, ३.१ असेल तर उत्तम, आणि हे बॉक्सवर नसलं तरी कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

अजून एक, १४४ वाला पॅनेल एलसीडी आहे का ॲमोलेड (स्क्रीनचे हे दोन प्रकार) ते विचारा. एलसीडीचे पिक्सेल रंग बदलायला वेळ घेतात, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं सरकवली की मागे धुरकट शेपूट दिसते आणि वाढीव हर्ट्झचा निम्मा फायदा तिथेच जातो. एलसीडी १४४ आणि ॲमोलेड १२० अशी निवड असेल तर विचार करत बसू नका.

दुकानात तपासायचं कसं? डेमोचा व्हिडिओ चालू असेल तो बंद करा, त्यावरून काहीच कळत नाही. सेटिंग उघडा, ती यादी सावकाश वर-खाली करा, अक्षरं वाचता येतात का बघा. मग कॅमेरा उघडा, बंद करा, लगेच ब्राउझर, परत कॅमेरा, असं भराभर करा आणि मधे कुठे अडकतं का पाहा. दोन मिनिटं लागतात, आणि त्याने बॉक्सवरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त कळतं.

२०२० च्या फेब्रुवारीत पोको एक्स२ हा फोन १५,९९९ पासून १२० हर्ट्झ घेऊन आला तेव्हा या किमतीत ती मोठीच गोष्ट होती, तेव्हा त्या आकड्यावरून फोन निवडणं समजू शकतो. आता तुमच्या बजेटमध्ये १२० जवळपास सगळेच देतात, म्हणून त्यावरून निवड होतच नाही, निवड बाकीच्या गोष्टींवर करायची.

प्रश्न : १२० हर्ट्झ चालू ठेवलं की बॅटरी लवकर उतरते असं ऐकलं. मी नवीन फोन आणल्या दिवशीच ६० वर करून ठेवलाय. बरोबर केलं ना? (एक वाचक, परभणी)

उत्तर : बॅटरी जास्त लागते हे खरं, कारण दुप्पट फ्रेम तयार करायच्या म्हटल्यावर काम वाढणारच. पण ज्या गोष्टीचे पैसे मोजलेत ती पहिल्या दिवसापासून बंद ठेवू नका हो.

बहुतेक फोनमध्ये 'ऑटो' किंवा 'ॲडॅप्टिव्ह' असा पर्याय असतो, सॅमसंगमध्ये 'मोशन स्मूदनेस', गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये 'स्मूद डिस्प्ले', बाकीच्यांत नुसतं 'रिफ्रेश रेट' असं काहीतरी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये सापडेल. तो ठेवा. महागड्या फोनमध्ये एलटीपीओ नावाचे पॅनेल असतात ते स्थिर चित्राला अगदी १ हर्ट्झपर्यंत खाली येतात, मिड-रेंजमध्ये, म्हणजे मधल्या किमतीच्या फोनमध्ये, ते सहसा नसतात, इथे ६०, ९०, १२० अशा पायऱ्याच असतात, त्यामुळे बचत कमी होते पण होते. दिवसभर घराबाहेर आहात, चार्जर नाही, तेव्हा बॅटरी सेव्हर लावा, तो बहुतेक फोनमध्ये आपोआप ६० वर आणतो. आणि बॅटरी खरोखर वाचवायची असेल तर आधी ब्राइटनेसकडे बघा, उन्हात पूर्ण ब्राइटनेसवर चालणारी स्क्रीन आणि कमजोर रेंजमध्ये टॉवर शोधत बसलेला फोन हे दोघं बॅटरीचे जास्त मोठे गिऱ्हाईक आहेत.

आपला फोन प्रत्यक्षात किती हर्ट्झवर चाललाय हे बघायचं असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा (काही फोनमध्ये तिथे सॉफ्टवेअर व्हर्जनवर करावं लागतं), डेव्हलपर ऑप्शन्स चालू होतात, त्यात 'शो रिफ्रेश रेट' लावलं की कोपऱ्यात आकडा दिसायला लागतो. काही ॲपमध्ये तो ६० च्या वर जातच नाही असं दिसेल, कारण कंपन्यांनी कुठल्या ॲपला किती द्यायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. बघून झालं की डेव्हलपर ऑप्शन्स बंद करून टाका, काही बँकांची ॲप त्यावरून कुरकुर करतात.

प्रश्न : आईला फोन घ्यायचाय, वय ६८. व्हॉट्सॲप, यूट्यूबवर कीर्तन, आणि व्हिडिओ कॉल एवढंच. तिला १२० हर्ट्झचा काही उपयोग? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फार नाही. यूट्यूबवरचे बरेचसे व्हिडिओ २५ किंवा ३० फ्रेमचे असतात, खेळाचे काही ५० किंवा ६० चे, सिनेमा २४ चा. स्क्रीन १२० ची असली म्हणून कीर्तनाच्या व्हिडिओत फ्रेम वाढत नाहीत, व्हिडिओ कॉलमध्येही नाहीत. १२० चा एक छोटा फायदा असा की २४, ३०, ६० या तिन्ही आकड्यांनी १२० ला पूर्ण भाग जातो, म्हणून सिनेमा जरा एकसारखा सरकतो, ६० वर २४ बसवताना एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. पण आईंसाठी यावर पैसे घालवू नका.

त्यांच्यासाठी स्क्रीन उन्हात, गॅलरीत उभं राहून नीट दिसते का, अक्षरं मोठी केल्यावर बटणं कापली जात नाहीत ना, स्पीकरचा आवाज खणखणीत आहे का आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, हे बघा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं कारण त्या याच फोनवर यूपीआय वापरणार आणि फोन पाच वर्षं तरी बदलणार नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळतो, त्याला १४४ हर्ट्झचाच फोन पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलाय. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : त्याला आधी हे विचारा की त्या फोनवर गेममध्ये ९० किंवा १२० फ्रेमचा पर्याय येतो का. गेममध्ये किती फ्रेम मिळणार हे गेम आणि फोनचं मॉडेल मिळून ठरतं, नुसत्या पॅनेलवर नाही, १४४ चा पॅनेल असूनही गेम ६० वरच चालतोय असे फोन आहेत. तो फोन कुणाकडे असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन बघून घ्या. आणि पहिल्या पाच मिनिटांवर जाऊ नका, अर्धा तास खेळल्यावर फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि फ्रेम तिथे पडतात, मे महिन्यात तर लवकरच. जाहिरातीत टच सॅम्पलिंग रेट म्हणून २४० वगैरे आकडा असतो तो वेगळा, बोट कुठे लागलंय हे स्क्रीन सेकंदाला किती वेळा तपासते त्याचा तो आकडा. दोन्हींची गल्लत करून विकणारे असतात.

प्रश्न : १२० हर्ट्झचा फोन घेतल्यावर रात्री वाचताना डोकं दुखायला लागलं. जास्त हर्ट्झमुळे असेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : हर्ट्झ वाढल्यामुळे नसावं. तुमचा आधीचा फोन एलसीडी होता आणि हा ॲमोलेड आहे असं तुम्ही पत्रात लिहिलंय, मला संशय तिथे येतो. बऱ्याच ॲमोलेड स्क्रीन ब्राइटनेस कमी करताना प्रकाश भराभर चालू-बंद करतात, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात, आणि काही लोकांना ते सोसत नाही. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात शटर स्पीड वाढवून तुमची स्क्रीन बघा, काळे पट्टे सरकताना दिसतील. खोलीत दिवा लावून ब्राइटनेस थोडा जास्त ठेवा, काही फोनमध्ये 'डीसी डिमिंग' किंवा 'फ्लिकर कमी करा' असा पर्याय असतो तो लावा. तरी दुखत राहिलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच, चष्म्याचा नंबरही बदललेला असू शकतो.

प्रश्न : १२० हर्ट्झचा अँड्रॉइड घेऊ का त्याच पैशात जुना आयफोन १५? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आयफोन १५ ची स्क्रीन ६० ची आहे, १६ चीही. ॲपलने प्रो नसलेल्या आयफोनला १२० दिलं ते २०२५ मध्ये, आयफोन १७ पासून. तरीही १५ वापरताना फोन अडखळत नाही, कारण ते ६० एकसारखे येतात. हातात १२० वाला फोन वापरून सवय झाली असेल तर मात्र पहिले काही दिवस जड जाईल. पिक्सेलच्या 'ए' मालिकेतही बघा, ६ए ला ६०, ७ए ला ९०, ८ए ला १२०. मी असतो तर फोन स्क्रीनवरून नाही, कॅमेरा आणि अपडेट बघून निवडला असता.

प्रश्न : फोन पडून डिस्प्ले फुटला, बाहेरून बदलून घेतला, आता सेटिंगमध्ये १२० चा पर्यायच दिसत नाही. (एक वाचक, नगर)

उत्तर : कॉपी डिस्प्ले बसवलाय. ॲमोलेडच्या जागी स्वस्त एलसीडी कॉम्बो (काच आणि डिस्प्ले एकत्र) सर्रास बसवतात, त्यातले बरेचसे ६० च्या वर चालत नाहीत, आणि स्क्रीनखालचा फिंगरप्रिंटही बंद पडतो कारण एलसीडीतून तो सेन्सर बोट वाचू शकत नाही. तुमचा फिंगरप्रिंटही गेला असेल तर शंकाच नको. दुरुस्तीवाल्याने ओरिजिनल सांगून पैसे घेतले असतील तर बिल घेऊन परत जा आणि बदलून मागा. फोन घेतानाच सर्व्हिस सेंटरला त्या मॉडेलचा डिस्प्ले केवढ्याला पडतो हे विचारून ठेवावं, मिड-रेंजमध्ये तो खर्च कधी कधी फोनच्या किमतीच्या मानाने खूपच मोठा निघतो. आणि परत बदलून घेताना पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून १२० दिसतंय का आणि बोटाने लॉक उघडतंय का, दोन्ही बघून घ्या.