मेबाखच्या निम्म्या किमतीत, पण कोणाच्या पैशाने?

प्रश्न: मी मूळचा सांगलीचा, वय 44. गेली 14 वर्षं चीनमध्ये यिवू इथे सोर्सिंग एजंट आहे. मुंबई, पुणे, इंदूरच्या व्यापाऱ्यांसाठी फुथियान मार्केटमधून माल उचलतो आणि कंटेनर भरून पाठवतो. महिन्याला सरासरी 11 कंटेनर, प्रत्येकात अडीच लाख युआनचा माल, कमिशन साडेतीन टक्के. ऑफिसचा खर्च आणि कर जाऊन वर्षाला सहा लाख युआन हातात येतात, घरखर्च आणि मुलांच्या फिया भागवून अडीच लाख उरतात. इथल्या बँकेत 13 लाख युआन आहेत. भारतात 60 लाख रुपयांच्या एनआरई (अनिवासी भारतीय खात्यातल्या) ठेवी आणि सांगलीत घर. मुलगी 15 वर्षांची, मुलगा 10. माझ्याकडे 2018 ची ब्युइक जीएल 8 व्हॅन आहे. आता माएक्स्ट्रो एस 800 ही आलिशान चिनी गाडी घ्यायचं मनात आहे, सुरुवातीची किंमत 7,08,000 युआन. बीवायडी कंपनीची यांगवांग यू 8 पण बघितली. वर्षातून सहा-सात मोठे ग्राहक येतात, त्यांना स्टेशनवरून आणायला अशी गाडी असली की धंद्यात फरक पडतो. कंपनीच्या नावावर घेतली तर करही वाचेल. टोकन दिलं आहे. सौ. म्हणतात, आधी तुम्हाला विचारा.

उत्तर: नमस्कार. सौ. वहिनींचे आभार. तुम्हाला हे लिहावंसं वाटलं नसतं हे पत्राच्या सुरावरून कळतंय.

आधी गाडीबद्दल. ‘चिनी गाडी, घेऊ नका’ असं मी म्हणणार नाही. तो सल्ला दहा वर्षांपूर्वीचा झाला. एस 800 हफेईत जेएसी ही सरकारी कंपनी बनवते, आणि गाडीचा मेंदू हुआवेचा. साडेपाच मीटरला दोन सेंटीमीटर कमी एवढी लांबी, मागच्या सीटवर पाय पसरून झोपता येतं. मे 2025 मध्ये बाजारात आली आणि काही महिन्यांत सात लाखांच्या वरच्या गटात मर्सिडीजची मेबाख एस क्लास आणि पोर्शेची पानामेरा यांना महिन्याच्या विक्रीत मागे टाकलं. पोर्शेने 2021 साली चीनमध्ये 95 हजारांवर गाड्या विकल्या होत्या, 2024 ला तो आकडा 57 हजारांच्या आत आला. तिथल्या शेठ लोकांना आता जर्मन बिल्ल्याची गरज वाटत नाही, हे तुम्ही रोज पाहता, मी फक्त आकड्यात वाचतो. तेव्हा गाडी उत्तम आहे हे मान्य करून पुढे जाऊ. माझा आक्षेप किमतीवर आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या 13 लाखांवर.

ते 13 लाख सगळे तुमचे नाहीत. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की त्यातले 5 लाख 20 हजार हे ग्राहकांनी कारखान्यांना द्यायला पाठवलेले ॲडव्हान्स आहेत. म्हणजे तुमचे स्वतःचे 7 लाख 80 हजार. आता गाडी रस्त्यावर आणायला काय लागतं ते मांडू. किंमत 7,08,000. त्यातून 13 टक्के व्हॅट वजा केला की 6,26,549 उरतात, त्यावर 10 टक्के खरेदी कर म्हणजे 62,655. विजेच्या गाड्यांना यातली सूट 2025 अखेरपर्यंत 30 हजारांपर्यंत होती, जानेवारी 2026 पासून ती निम्मी होऊन 15 हजारांवर आली. म्हणजे 47,655 भरा. विम्याचा आकडा तुम्ही 17 हजार कळवलात. एकूण 7 लाख 72 हजार 655.

उरतात सात हजार युआन. शोरूमबाहेर फोटो काढून, चार मित्रांना जेवायला घातलं तर तेही संपतील.

आणि ही रक्कम म्हणजे तुमची साधी बचत नाही, ते तुमचं खेळतं भांडवल आहे. फुथियानमधले दुकानदार तुम्हाला महिना-दीड महिन्याच्या उधारीवर माल देतात. इंदूरच्या एखाद्या ग्राहकाने दोन कंटेनर भरून झाल्यावर ‘सीझन थंड आहे, पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं, तर 30 टक्के ॲडव्हान्स सोडून साडेतीन लाखांचा खड्डा पडतो. तो आजवर तुम्ही स्वतःच्या पैशाने बुजवत आलात, म्हणून तर 14 वर्षांत एकाही दुकानदाराला तुमच्या ऑफिसात येऊन बसावं लागलं नाही. उधारी थकवून रातोरात पसार झालेल्या एजंटांचे किस्से तुम्हीच पत्रात लिहिलेत. मग मला सांगा, हेअरक्लिपच्या दुकानातल्या त्या बाई, ज्या तुम्हाला चिठ्ठीवर माल देतात, त्यांना तुम्ही एस 800 मधून उतरताना दिसलात तर त्यांच्या मनात पत वाढेल, की ‘या वेळी रोख द्या’ म्हणतील? मला उत्तर माहीत नाही असं समजू नका.

आता किंमत. एस 800 ची बुकिंग नोव्हेंबर 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा सांगितलेली किंमत 10 ते 15 लाख युआन होती. प्रत्यक्ष लाँचला ती 7 लाख 8 हजारांपासून सुरू झाली. शाओमीच्या एसयू 7 अल्ट्रा या गाडीचंही तसंच, आधी 8,14,900 सांगून फेब्रुवारी 2025 मध्ये 5,29,900 ला आणली. घेणाऱ्याला वाटतं, वा, तीन लाख वाचले! मला उलटं वाटतं. जन्मायच्या आधी जिची किंमत तीन लाखांनी उतरते, ती जन्मल्यावर उतरणार नाही याची हमी कोण देणार? मेबाख जुनी झाली तर तिला एक ठरलेला बाजार आहे, पन्नास वर्षं लोक त्या घराण्याच्या जुन्या गाड्या विकत घेत आलेत. या नव्या ब्रँडना भूतकाळच नाही, त्यामुळे किंमत घसरताना कुठे थांबेल हे कोणालाच माहीत नाही. यू 8 सुरुवातीला महिन्याला हजाराच्या वर विकली गेली आणि नंतर शेकड्यांत आली. तिथे तर नवीन नंबर घेऊन एकही किलोमीटर न चाललेल्या गाड्या सेकंडहँड म्हणून विकल्या जातात, त्यांच्यासमोर तुमची खरी वापरलेली गाडी उभी करायची आहे.

आणि शांघायची हायफाय ही कार कंपनी आठवते ना? आठ लाखांपर्यंतच्या गाड्या, पंखांसारखे उघडणारे दरवाजे, दिव्यांवर चित्रं. फेब्रुवारी 2024 मध्ये उत्पादन बंद झालं आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हुआवेचं तसं होईल असं मी म्हणत नाही, हुआवे फार मोठी आहे. पण कंपनी तगली तरी मॉडेल तगेलच असं नाही, आणि तिथे दर सहा महिन्यांनी नवं मॉडेल येऊन जुन्याला म्हातारं करतं.

मी हिशेबासाठी तीन वर्षांत किंमत निम्मी होईल असं धरलंय. हा माझा अंदाज आहे, आणि तो कठोर नाही. घसारा 3 लाख 54 हजार, खरेदी कर अर्ध्या लाखाला थोडा कमी, विमा तीन वर्षांचा 51 हजार. आणि ड्रायव्हर. जीएल 8 तुम्ही स्वतः चालवता. एस 800 स्वतः चालवली तर मागच्या सीटवर झोपणार कोण? ड्रायव्हरचा पगार तुम्ही 8 हजार लिहिलाय, तीन वर्षांचे 2 लाख 88 हजार. बेरीज 7 लाख 40 हजार, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार, वर्षाला जवळपास अडीच लाख.

वर्षाला अडीच लाख हा आकडा ओळखीचा वाटला? तुमची सगळी बचत तेवढीच आहे.

तुम्ही म्हणाल, धंदा वाढेल ना. वाढू दे. साडेवीस हजार कमिशन मिळवायला साडेतीन टक्क्यांनी दर महिन्याला 5 लाख 88 हजारांचा जादा माल हवा, म्हणजे सव्वादोन कंटेनरच्या वर, तोही ऑफिसचा खर्च न धरता. 11 चे सव्वातेरा. कशामुळे? मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटचा व्यापारी यिवूला येतो तो डझनामागे चाळीस पैसे कमी करून घ्यायला. तो तुमच्या गाडीत बसेल, छताकडे बघेल, घरी फोन लावून दाखवेल, आणि संध्याकाळी जेवताना विचारेल, ‘शेठ, कमिशन तीन टक्के करा की आता!’ चुकीचं बोलेल का? माझ्याकडे येणाऱ्या चाकणच्या एका कारखानदाराने परदेशी आलिशान गाडी घेतली तेव्हा त्याच्या सर्वात मोठ्या गिऱ्हाइकाने पुढच्याच बैठकीत दर कमी मागितले होते. तो अजून तो किस्सा हसत सांगतो, पण हसणं जरा ओढूनताणून असतं.

कर वाचण्याचं म्हणाल, तर तुमच्या कंपनीसारख्या लहान नफ्याच्या कंपन्यांना तिथे 2027 अखेरपर्यंत नफ्यावर प्रत्यक्षात 5 टक्केच कर पडतो. गाडीचा घसारा साधारणपणे किमान चार वर्षांत विभागून धरतात. पूर्ण रक्कम खर्चात टाकली तरी चार वर्षांत मिळून वाचणार 37-38 हजार युआन. लहान करदात्याला व्हॅटची वजावट नाही. तुमच्या तिथल्या अकाउंटंटकडून पक्कं करून घ्या, पण 38 हजार वाचवायला पावणेआठ लाख घालवायचे, याला करनियोजन म्हणत नाहीत.

यू 8 चं थोडक्यात. चार मोटारी, जागच्या जागी गोल फिरते, पाण्यावर अर्धा तास तरंगते. यिवूला पूर आलाच तर कंटेनर बुडेल, तुम्ही वाचाल. किंमत 10 लाख 98 हजार, व्हॅट काढून 9 लाख 72 हजार. जुलै 2025 पासून व्हॅट वगळून 9 लाख आणि त्यावरच्या गाड्यांना 10 टक्के विलासकर लागतो, विजेच्या गाड्यांनाही. म्हणजे आणखी 97 हजार. गंमत म्हणजे एस 800 चं सर्वात महाग मॉडेल 10 लाख 18 हजारांचं, आणि ही रेषा व्हॅट धरून 10 लाख 17 हजारांवर येते. एका हजारासाठी नव्वद हजारांचा कर. सेल्समन वरचं मॉडेल गळ्यात मारायला लागला तर हे आठवा.

आता जी गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत उडवून लावलीत. तुमचा वर्क परमिट दरवर्षी नवा करावा लागतो. आणि धंद्याचा नळ दिल्लीत आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का सक्तीचा. तेव्हा तुमचा निम्मा धंदा खेळण्यांचा होता, दीड वर्ष कसं काढलंत ते तुम्हाला माहीत. हेअरक्लिप आणि इमिटेशन ज्वेलरीवर आलात म्हणून तरलात. उद्या त्यावर असंच काही आलं आणि गाशा गुंडाळायची वेळ आली, तर एस 800 महिनाभरात विकावी लागेल, मिळेल त्या भावाला. सांगलीला आणता येणार नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली लागते, आणि तुमची डावीकडची.

मग काय करायचं? मोठा ग्राहक येईल तेव्हा ड्रायव्हरसकट भारी गाडी भाड्याने घ्या. दिवसाला 1,500 युआन असं तुम्हीच लिहिलंय. सात ग्राहक, प्रत्येकी दोन दिवस, वर्षाला 21 हजार. म्हणजे एस 800 चा एक महिना. हवी तर एस 800 च भाड्याने मागवा, ग्राहकाला आरसी बुक दाखवावं लागत नाही. इतर दिवशी तुमच्या गाडीत काय असतं? नमुन्यांची खोकी. ती जीएल 8 मध्ये मावतात. क्रीम रंगाच्या चामड्यावर तुम्ही स्वतः ठेवू देणार नाही.

सहा महिन्यांच्या ऑफिस आणि घरखर्चाएवढी रक्कम आणि वर दोन कंटेनरच्या उधारीएवढी रक्कम, या दोन गोष्टी वेगळ्या खात्यात बाजूला पडू द्या. ग्राहकांचे ॲडव्हान्स तर आजच वेगळे करा, गाडी घ्या किंवा नका घेऊ. मुलीच्या कॉलेजला तीन वर्षं आहेत. ती भारतात येणार की परदेशी जाणार हे पत्रात नाही, त्यावर 60 लाख पुरतात की नाही हे ठरेल. पुढच्या पत्रात कळवा. हे झाल्यावर जीएल 8 थकली असेल तर डेन्झा डी 9 बघा, तीन ते साडेतीन लाखांच्या दरम्यान सुरू होते, सात माणसं आणि खोकी दोन्ही बसतात. आणि 2028 मध्येही मन एस 800 वरच असेल, तर दोन वर्षं जुनी घ्या. पहिल्या मालकाने तोवर तुमचा घसारा भरलेला असेल. तेव्हा मी आडवा येणार नाही.

तातडीचं एक. तिथे सुरुवातीचं लहान टोकन सहसा परत मिळतं, ऑर्डर लॉक झाली की मिळत नाही. तुमच्या ॲपमध्ये लॉकची तारीख दिसत असेल, ती बघा, आणि शोरूमला लेखी विचारा. आणि हो, जीएल 8 चे मागचे टायर गुळगुळीत झालेत असं वहिनींनी पत्राच्या मागे पेन्सिलने लिहिलंय. ते या आठवड्यात बदलून घ्या.