नाताळची जोडून आलेली सुट्टी आणि चार घरची आमंत्रणे

लंडनमध्ये राहणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे की, २०२६ साली २५ डिसेंबर शुक्रवारी येत असून शनिवारच्या बॉक्सिंग डेची बदली सुट्टी सोमवारी, २८ तारखेला आहे. या चार दिवसांत मँचेस्टरला नणंदेकडे मुक्काम, मिल्टन कीन्सला भावाकडे रविवारचे जेवण, पतीच्या सहकाऱ्यांकडे मेजवानी आणि रविवारीच महाराष्ट्र मंडळाचे स्नेहसंमेलन अशी आमंत्रणे आहेत. घरात दोन लहान मुले आहेत आणि पुण्याहून सासूबाई आल्या आहेत. नाही कोणाला म्हणावे?

माझ्या मते, सहकाऱ्यांच्या मेजवानीला. ते लोक आपल्या पतींना रोज भेटतात आणि जानेवारीत एका संध्याकाळी घरी बोलावले तरी ती भेट भरून निघते. अशा वेळी पहिली काट बहुधा मंडळाच्या कार्यक्रमावर बसते, परंतु आपल्याकडे सासूबाई आहेत हे विसरू नये. तिकडून आलेल्या ज्येष्ठांचा दिवस मुले शाळेत आणि मुलगा-सून कामावर गेली की फार लांबतो, आणि डिसेंबरात चारच्या सुमारासच सूर्य मावळत असल्यामुळे एकट्याने फिरून येण्याचेही त्यांना धाडस होत नाही. समवयस्कांशी मराठीत पोटभर गप्पा मारण्याची ती दुपार त्यांच्याकरिता राखून ठेवावी.

आता उरला भाऊ. दोन आमंत्रणे एका दिवशी आली की माहेरचे आमंत्रण आपोआप मागे पडते, ही आपल्या घरांतली जुनी सवय आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. सुदैवाने मँचेस्टरहून लंडनला परतताना मिल्टन कीन्स वाटेवरच लागते. त्यामुळे रविवारच्या जेवणाऐवजी शनिवारी दुपारी चहाला येतो, असे भावाला कळवावे. हा फोन शक्यतो आपल्या पतींनी करावा, कारण मेहुण्यांनी स्वतः फोन केला म्हणजे वहिनीलाही आपले घर कोणी दुय्यम मानत नाही याची खात्री पटते. नणंदेलाही, शुक्रवारी येऊन शनिवारी सकाळी न्याहारी करून निघू, असे आधीच सांगावे. निघण्याची वेळ दारात उभे राहून सांगितली की आग्रह होतो, मन मोडते आणि प्रवास अंधारात करावा लागतो.

प्रवासाबाबत थोडे सावध राहावे. २५ तारखेला ब्रिटनमध्ये रेल्वे आणि लंडनची भुयारी रेल्वे बंद असते, तर २६ तारखेलाही बहुतेक रेल्वेमार्गांवर गाड्या धावत नाहीत. म्हणून गाडी नसलेल्या कोणा नातेवाइकाला वाटेत घ्यायचे असेल तर ते आधी ठरवावे. इंग्लंडमधील मोठी दुकाने २५ तारखेला कायद्यानेच बंद असतात, म्हणून वाटेत लागणारे सामान आदल्या दिवशीच आणून ठेवावे. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत न टाकता त्यांच्या पर्समध्ये, गोळ्यांच्या मूळ पाकिटासह ठेवाव्यात.

नणंदेकडे एक पदार्थ करून न्यायचा असेल, तर कृपया मसालेभात नेऊ नये. पातेले चादरीत गुंडाळून गाडीत ठेवले की भात चार तास कोमट राहतो, आणि शिजवूनही टिकून राहणारे जिवाणूंचे बीजाणू नेमके त्याच तापमानाला वाढतात. त्यातून तयार होणारे विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. शिजलेला भात तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा, असे इथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेचे सांगणे आहे. त्यापेक्षा चकल्या किंवा रव्याचे लाडू न्यावेत. सासूबाईंना मार्गशीर्षात सामिष चालत नसेल, तर तेही नणंदेला निघण्यापूर्वी आठवण करून द्यावे, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी त्यांच्यासाठी वेगळी धावपळ होणार नाही.

भारतातल्या आप्तांना फोन सकाळीच करावा. इथले दुपारचे अडीच म्हणजे तिकडचे रात्रीचे आठ, आणि त्या वेळी आपण सगळे पानावर बसलेले असाल. सोमवारी मात्र कोणाचेही आमंत्रण स्वीकारू नये: मुलांना उशिरापर्यंत झोपू द्यावे, कपडे धुवावेत आणि साधा वरणभात करावा.