‘मुलगी म्हणते, भांगेवर पीएच.डी. करणार!’

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणेवर औषध शोधायचं म्हणते. मामा ‘भांगवाली डॉक्टरीण’ म्हणून चिडवतो. आईला काळजी, यात पुढे काही आहे का?

ताई, आधी मामांचं बघू. गांजातला नशेचा घटक मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या, ठरावीक रेणू पकडणाऱ्या जागेवर) बसतो, त्याच्यासाठी आपलं शरीर स्वतःच रेणू बनवत असतं. हीच ती एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा. त्यातला एक, २-एजी, डोक्याला मार बसला की मेंदूत वाढतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली तो जखमी उंदरांना बाहेरून दिला, तेव्हा मेंदूची सूज कमी झाली. आता तो रेणू मोडणाऱ्या एन्झाइमलाच रोखून पाहतात, म्हणजे शरीराचा स्वतःचा २-एजी टिकून राहतो. त्याला ना भांगेचा ठेका लागतो, ना गांजाचं पान.

मात्र याच विद्यापीठातून निघालेलं डेक्सॅनाबिनॉल हे औषध प्राण्यांत छान चाललं आणि साडेआठशेहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत फुकट गेलं. निकाल २००६ साली छापून आला. मार लागल्यावर मेंदूच्या पेशी वाचवतं असं पक्कं सिद्ध झालेलं औषध आजही नाही. तिने यशाचे पेपर नंतर वाचावेत, हा फसलेल्या चाचणीचा आधी.

आणि रोजचं काम काय, तेही तिला कळू दे. भूल दिलेल्या उंदराच्या डोक्यावर ठरावीक उंचीवरून वजन सोडायचं. दुसऱ्या दिवशी मेंदू काढून तोलायचा, ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा तोलायचा. जो फरक येतो ते मेंदूतलं पाणी, त्यावरून सूज कळते. हे महिनोन्‌महिने. पुष्कळांचा उत्साह इथेच ओसरतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सुट्टीत कॉलेजच्या प्राणिगृहात थोडे दिवस काम करून बघू दे.

जमलं, तर शेवटच्या वर्षी जीपॅट ही एम.फार्म.साठीची देशपातळीवरची परीक्षा द्यायची, मग नायपर या केंद्र सरकारच्या औषधशास्त्र संस्थांची वेगळी प्रवेश परीक्षा. अहमदाबादचं नायपर तुम्हाला रात्रीच्या बसच्या अंतरावर. विषय फार्माकॉलॉजीच (औषध शरीरात काय करतं ते) घ्यावा. ‘फार्मास्युटिक्सला (गोळ्या-औषधं बनवण्याच्या विषयाला) नोकऱ्या जास्त’ म्हणणाऱ्यांचं या बाबतीत ऐकू नका. पीएच.डी. नको वाटली, तरी क्लिनिकल रिसर्च आणि औषध-सुरक्षेच्या नोकऱ्या आहेत. इंदूरजवळच्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीच्या भरवशावर मात्र राहू नका, तिथे बहुतेक काम उत्पादनाचं.

लग्नाचं विचारलंत, ते माझं खातं नव्हे. पीएच.डी.ला चार-पाच वर्षं सहज जातात, एवढं स्थळांना आधीच सांगून ठेवा.