विक्रीच्या नोंदी नेमक्या कोणासाठी?

सेल्स टीमसाठी नोंदींचं अ‍ॅप बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न आले आहेत. त्यातले पाच इथे घेतो.

प्रश्न : आमच्या अ‍ॅपमध्ये क्लायंटच्या भेटीची नोंद करताना चौदा फील्ड भरावी लागतात. सेल्सची मंडळी त्यात 'ओके' नाहीतर नुसतं टिंब टाकून मोकळी होतात. फील्ड सक्तीची करूनही फरक पडला नाही.

पडणारही नाही. सक्तीने फील्ड भरतं, माहिती मिळत नाही. नोंद लिहिली जाते तो क्षण डोळ्यांसमोर आणा. भेट संपली आहे, माणूस लिफ्टमध्ये उभा आहे, एका हातात बॅग आहे आणि दहा मिनिटांत पुढचा कॉल आहे. अशा वेळी त्याच्यासमोर ड्रॉपडाउनची रांग मांडली तर तो पहिला पर्याय निवडून पुढे जाणार. मीही तेच करेन.

अ‍ॅप उघडताच कर्सर कोऱ्या चौकटीत तयार हवा. क्लायंटचं नाव, वेळ, हजर माणसं हे सगळं कॅलेंडरमधून आपोआप यावं. नोंद जतन झाली की दोनच गोष्टी विचारा : पुढे काय करायचं आणि कधी. आठवण करून देणं या दोन उत्तरांवरच अवलंबून असल्यामुळे त्यांना वेगळी फील्ड हवीत. बाकीचं मोकळं लिहू द्या.

तुमच्या यादीत बजेट, निर्णय घेणारी व्यक्ती, गरज आणि कालावधी ही चार फील्ड दिसली. आयबीएमच्या नावाशी जोडली जाणारी ही 'बँट' चौकट (या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव) संभाषणासाठी उत्तम आहे. पण पहिल्या भेटीत बजेटचा आकडा खुद्द ग्राहकालाही ठाऊक नसतो. तिथे हट्टाने विचारलात तर विक्रेता अंदाजाने काहीतरी ठोकून देतो, आणि तोच अंदाज पुढे रिपोर्टमध्ये खरा आकडा म्हणून मिरवतो. बजेट कोटेशन पाठवताना विचारा. तेव्हा ते माहीत असतं आणि लागतंही.

प्रश्न : क्लायंटकडे बऱ्याचदा नेटवर्क नसतं, म्हणून ऑफलाइन सोय करतोय. एकाच नोंदीत दोघांनी बदल केला तर 'शेवटचा बदल टिकेल' हा नियम पुरेल का?

नोंदीच्या मजकुरासाठी नाही. हा नियम बहुतेक वेळा फोनच्या घड्याळावर विसंबतो आणि फोनची घड्याळं चुकतात. ज्याचं घड्याळ पुढे, तो कायम जिंकतो. हरलेल्याचा मजकूर गेला हे त्याला कळतही नाही, हे त्याहून वाईट. घड्याळावर न विसंबता घटनांचा क्रम कसा लावायचा हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्येच दाखवून दिलं. पण क्रम लावून पुसलेला मजकूर परत येत नाही. दोन्ही बदल आपोआप एकत्र करणाऱ्या 'सीआरडीटी' रचना आहेत, आणि 'वायजेएस' किंवा 'ऑटोमर्ज'सारख्या तयार लायब्रऱ्याही आहेत.

तरी माझं मत असं की तुम्हाला त्यांची गरज नसावी. एकाच भेटीला गेलेले दोघे सहसा एकच परिच्छेद दुरुस्त करत बसत नाहीत. दोघांनी वेगवेगळं ऐकलेलं असतं. भेटीखाली प्रत्येकाची आपली नोंद राहू द्या, भांडणच मिटेल. फॉलो-अपच्या तारखेवर मात्र खरी टक्कर होते. तिथे दोन्ही तारखा दाखवा आणि माणसाला निवडू द्या.

नोंद आधी फोनवरच, एसक्यूलाइट या फोनवर चालणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये, जतन करा. तिचा आयडीही फोनवरच तयार करा, म्हणजे नेटवर्क अडखळून तीच नोंद पुन्हा पाठवली गेली तरी सर्व्हर तिला ओळखेल आणि दुसरी प्रत होणार नाही. खोडलेल्या नोंदीची 'खोडली' अशी खूण ठेवा. नाहीतर महिनाभर बंद असलेला एखादा टॅब्लेट सुरू होताच ती पुन्हा जिवंत करेल. 'फोनवर आहे' आणि 'सर्व्हरवर पोचली' या दोन अवस्था स्क्रीनवर वेगळ्या दिसू द्या.

प्रश्न : मी सेल्स मॅनेजर आहे. सगळ्यांच्या सगळ्या नोंदी आणि प्रत्येकाच्या रोजच्या नोंदींची संख्या मला दिसावी असं वाटतं. टीम कुरकुर करते.

संख्या मागाल तर संख्या मिळेल. एका भेटीच्या तीन नोंदी होतील.

नोंदी बघण्याची मागणी मात्र रास्त आहे. उद्या विक्रेता बदलला तर ग्राहकाचा इतिहास त्याच्याबरोबर जाता कामा नये. फक्त ही नोंद कोण वाचणार हे लिहितानाच चौकटीजवळ दिसायला हवं, आणि खाजगी म्हणून लिहिलेलं नंतर गुपचूप खुलं करू नये. तसं एकदा जरी झालं तरी माणसं खरं ते स्वतःच्या वहीत लिहितील आणि अ‍ॅपमध्ये 'मीटिंग चांगली झाली' एवढंच उरेल.

वाचणाऱ्यांत खुद्द ग्राहकही धरा. युरोपात 25 मे 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 15 नुसार माणूस स्वतःबद्दलच्या माहितीची प्रत मागू शकतो. 'हा गृहस्थ डोकेदुखी आहे' ही ओळ त्यात गेली तर डीलचं काय होईल ते सांगायला नको.

प्रश्न : भेट रेकॉर्ड करून एआयकडून सारांश काढला तर लिहायचं कामच संपेल ना?

कमी होईल, संपणार नाही. आधी संमतीचं बघा. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी गोपनीय संभाषण रेकॉर्ड करायला सर्वांची संमती लागते. भेटीनंतर विक्रेत्याने एकट्याने दोन मिनिटं बोलून नोंद केली तर हा प्रश्न उरत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा. ग्राहकांची नावं आणि उत्पादनांचे कोड आवाज ओळखणाऱ्या प्रणालीला आधीच पुरवा; चुका सर्वांत जास्त तिथेच होतात.

सारांशाचा धोका वेगळाच. ग्राहक म्हणतो 'डिस्काउंट दिलात तर विचार करू', आणि सारांशात येतं 'डिस्काउंटवर सहमती'. वाक्य इतकं सफाईदार असतं की शंका येत नाही. सारांशाच्या प्रत्येक ओळीवरून मूळ बोलण्यावर जाता आलं पाहिजे. रक्कम, तारीख आणि सवलत माणसाने 'बरोबर' म्हटल्याशिवाय सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या मुख्य प्रणालीत, जाऊ देऊ नका.

प्रश्न : नोंदी सेल्सफोर्स या सीआरएममध्ये जातात, पण काही भलत्याच ग्राहकाखाली दिसतात. आणि नोंदींसाठी फोल्डर ठेवावेत की टॅग?

दुसऱ्याचं आधी : दोन्ही नकोत. नोंद ग्राहकाला आणि डीलला आपोआप जोडा आणि सर्च चांगला करा.

आता पहिलं. नावावरून जुळवत असाल तर आजच थांबवा. आयडीवरून जुळवत असाल तर त्याची लांबी तपासा. सेल्सफोर्सच्या 15 अक्षरी आयडीत इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक महत्त्वाचा असतो. तुमचा डेटाबेस किंवा एक्सेल तो फरक मानत नसेल, तर दोन वेगळे ग्राहक एकच वाटतात. 18 अक्षरी आयडी याचसाठी आहे, सगळीकडे तोच वापरा. शिवाय दोन खाती एकत्र केली की एक आयडी बाद होतो. बाद झालेल्या रेकॉर्डवर टिकलेल्या खात्याचा आयडी नोंदलेला असतो. तो वाचून तुमच्याकडचे जुने दुवे बदलून घ्या.