ठिणगीवाचून पेट घेणारे रेणू

प्रश्न : पेट्रोल डिझेलपेक्षा किती तरी चटकन पेटते. मग ठिणगी नसलेल्या डिझेल इंजिनात ते अधिक चांगले का चालत नाही?

उत्तर : ‘चटकन पेटणे’ या शब्दांत दोन वेगळे गुणधर्म मिसळले जातात. पेट्रोलमधील लहान रेणूंची वाफ सहज होते, म्हणून ज्योत दाखवताच ते कडाक्याच्या थंडीतही पेटते. डिझेल इंजिनात मात्र हवा मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या भागापर्यंत दाबली जाऊन ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेल्या इंधनाला आपोआप पेट घ्यावा लागतो. तेथे कस लागतो तो रेणूच्या घडणीचा.

सीटेन आणि आयसोसीटेन या दोन्ही रेणूंत कार्बनचे १६ आणि हायड्रोजनचे ३४ अणू असतात. तरीही सरळ साखळीच्या सीटेनचा सीटेन अंक, म्हणजे दाबाखाली आपोआप पेट घेण्याच्या तत्परतेचे माप, १०० धरला आहे, तर सात शाखा फुटलेल्या आयसोसीटेनचा अवघा १५. अणू तेवढेच, फरक केवळ मांडणीचा; मला तर या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

सरळ साखळीच्या मधल्या कार्बनवरील हायड्रोजन टोकाच्या हायड्रोजनपेक्षा सैल बांधलेला असतो. तो निघाला की त्या जागी ऑक्सिजनचा रेणू जोडला जातो, आणि लवचीक साखळी वळून हा ऑक्सिजन तिच्याच दुसऱ्या कार्बनवरील हायड्रोजन ओढून घेतो. आणखी एक ऑक्सिजन जोडला गेल्यावर जे अस्थिर पेरॉक्साइड तयार होते, ते फुटून नवे मूलक, म्हणजे बंध मोकळा असलेले क्रियाशील तुकडे, बाहेर पडतात आणि प्रक्रिया स्वतःच वेग घेते. आयसोसीटेनला नऊ टोके आहेत, म्हणजे घट्ट बांधलेले हायड्रोजन पुष्कळ. शिवाय हायड्रोजन नसलेले कार्बन मध्ये येऊन या अंतर्गत देवघेवीची वाट अडवतात. बेंझीनसारख्या वलयातील हायड्रोजन तर याहूनही घट्ट असतो.

पेट्रोलमध्ये शाखायुक्त आणि वलयी रेणू मुद्दाम राखलेले असतात, कारण ठिणगीच्या इंजिनात ते अवेळी पेटू नयेत अशीच अपेक्षा असते. तेच डिझेल इंजिनात फवारले, तर पेट घेण्यास विलंब होतो, तोवर साचलेले इंधन एकदम भडकते आणि ठोके ऐकू येतात.

सीटेन अंक वाढवण्यासाठी डिझेलमध्ये २-एथिलहेक्सिल नायट्रेट अल्प प्रमाणात मिसळतात. त्याच्या रेणूतील ऑक्सिजन व नायट्रोजन यांच्यातील दुबळा बंध उष्णतेने आधी तुटतो आणि सुरुवातीचे मूलक आयतेच मिळतात.